खालून चकचकीत

सेकंड हँड फोर बाय फोर घ्यायला निघालेला माणूस आधी टायर बघतो, मग बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारतो आणि गाडीच्या प्रेमात पडूनच खाली उतरतो. गाडीखाली बघायचं राहून जातं. बघितलंच तर उकिडवं बसून, मोबाइलचा टॉर्च मारून, ‘खालून तर एकदम काळी कुळकुळीत आहे’ असं म्हणून उठतो. माझा या कामातला अर्धा वेळ ते काळं कुळकुळीत खरवडण्यात जातो.

गंजाची ओळख मला गॅरेजमध्ये झाली नाही, कारखान्यात झाली. चाकणला म्हाळुंग्याच्या बाजूला एका व्हेंडर कंपनीच्या पेंट शॉपमध्ये मी नोकरीला होतो. सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट, क्रॉस मेंबर असा माल आमच्याकडे रंगून जायचा. तो रंग स्प्रे गनचा नसतो, सीईडीचा असतो. माल कन्व्हेयरला लटकवायचा, गरम पाण्याच्या टाक्यांत त्याचं तेल-ग्रीस काढायचं, धुवायचं, फॉस्फेटचा थर चढवायचा, पुन्हा धुवायचं आणि मग रंगाच्या टाकीत बुडवून दोन-अडीचशे व्होल्टचा करंट द्यायचा. करंटच्या जोरावर रंग सांध्यात, भोकात, ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. मग १७० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून काढायचा. एवढा सगळा खटाटोप करून थर बसतो फक्त वीसेक मायक्रॉनचा. केसापेक्षा बारीक, पण सगळीकडे सारखा.

नवीन आलेल्या पोरांना वाटायचं, कंपनीत मुख्य काम म्हणजे रंगाची टाकी. आमचे सुपरवायझर त्यांना टाकीकडे नेतच नसत. धुऊन आलेल्या एखाद्या तुकड्यावर पाणी ओतायला लावत. पाण्याचा एकसंध पडदा पत्र्यावरून खाली सरकला तर माल स्वच्छ. मध्येच पाणी फाटलं, थेंब थेंब झाले, तर तिथे तेल आहे, माल परत. रंगाआधी ही परीक्षा ठरलेली.

दुसरी परीक्षा रंगानंतरची, सॉल्ट स्प्रेची. बंद पेटीत ३५ अंशांना पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि त्यात तुकडे शेकडो तास ठेवायचे. ठेवण्याआधी पात्यानं रंगावर फुली मारायची, पार लोखंडापर्यंत. तास भरले की तुकडा बाहेर काढून त्या फुलीच्या कडेचा रंग नखानं, चिकटपट्टीनं उचकटून बघायचा. गंज रंगावर कधी चढत नाही, तो रंगाच्या खालून सरकतो. वरून सुती धाग्याएवढी रेघ दिसते आणि रंग उचलला की खाली दोन-तीन मिलिमीटरचा तांबडा पट्टा निघतो. ज्यानं हा पट्टा एकदा स्वतःच्या नखानं उघडा केला आहे, तो गाडीखालच्या काळ्या रंगावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

पुढे नोकरी सुटली आणि चिखलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, एका मेकॅनिक मित्राच्या जोडीनं मी जुन्या गाड्या तपासण्याचं आणि त्यांचा गंज काढण्याचं हे काम सुरू केलं. गिऱ्हाईक बहुतेक कंपन्यांमधले इंजिनियर आणि हिंजवडीची पोरं. नवी गाडी परवडत नाही किंवा जुनीच हवी असते. जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ च्या आगेमागे बंद झाली, म्हणजे आता ती हवी असेल तर जुनी घेण्यावाचून इलाज नाही. एमएम ५४०, मेजर, क्लासिक यांची तीच गत. २०१० साली आलेल्या पहिल्या थारसुद्धा आता पंधराव्या वर्षाच्या घरात गेल्या, आणि पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं.

मी गाडी बघण्याआधी आरसी बुक बघतो. एमएच-१४ म्हणजे आपली पिंपरी-चिंचवडची, १२ पुण्याची, ११ साताऱ्याची, १६ नगरची. घाटावरच्या या गाड्यांचा गंज ओळखीचा असतो, चिखलातला, मातीतला, हळू चालणारा. ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०६ रायगड आणि मुंबईचे सगळे नंबर दिसले की मी अंगावरचा शर्ट काढून जुना टी-शर्ट चढवतो, कारण आता बराच वेळ खाली आडवं पडायचं आहे. आपल्याकडे युरोप-अमेरिकेसारखं रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकत नाहीत. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं, गंज हा थंड मुलखातला रोग. पण आपल्याकडे मीठ रस्त्यावर नाही, वाऱ्यात आहे. शिवाय हल्ली काशीद, नागाव, दिवेआगर, केळशी इथे गाडी वाळूत उतरवून लाटांमधून पळवायची हौस वाढली आहे. रीलमध्ये पाण्याचा पंखा छान दिसतो. तेच पाणी चेसीच्या भोकांतून आत जातं, हे रीलमध्ये दिसत नाही.

‘पण काका, गाडी दोन वर्षांपासून निगडीला आहे, आता कुठला समुद्र?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मीठ काही उडून जात नाही. साधं मीठ हवेत पंचाहत्तर टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर तेहतीस टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे आपल्याकडचा सबंध पावसाळा आणि हिवाळ्यातली बहुतेक प्रत्येक पहाट त्याला पुरते. गाडी शेडमध्ये कोरडी उभी आहे असं मालकाला वाटतं आणि चेसीच्या आत मात्र रोज थोडा पाऊस पडत असतो. शिवाय लोखंड गंजताना मीठ संपत नाही. तेच मीठ पुढच्या लोखंडाला लागतं. यावर उपाय एकच, भरपूर गोडं पाणी. इथे आमच्या शहराची अडचण येते. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे वॉशिंग सेंटरवाले बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी मारतात. त्यांची चूक नाही. पण कोकणातून आलेली गाडी क्षारांच्या पाण्यानं धुतली तर निम्मं काम झालं असंच धरावं.

पुराच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पूर, सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ चा, चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा. प्रत्येक पुरानंतर पुढची दोन-तीन वर्षं तिथल्या गाड्या चार जिल्हे फिरून आपल्याकडे विकायला येतात. सीट कव्हर नवं, मॅट नवी, सेंटचा वास जास्त. अशा गाडीत मी खाली जाण्याआधी वर बघतो. सीटचे रूळ जमिनीला जिथे बोल्ट केलेले असतात ते बोल्ट, सीट बेल्टचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा भाग, डॅशबोर्डखालचे अर्थिंगचे स्क्रू. पुराचा गाळ फार बारीक असतो, पुसून जात नाही, कोपऱ्यात बसतो. केबिनच्या आतले बोल्ट गंजलेले आणि चेसी खालून नवी कोरी काळी, अशी जोडी दिसली की मी पुढे बघतच नाही.

एकदा मोशीचा एक तरुण रत्नागिरी पासिंगची गाडी घेऊन आला; कंपनी कुठली ते राहू दे. सोबत एजंट होता. टोकन देऊन झालं होतं.

एजंट म्हणाला, “भाऊ, एकदम सांभाळलेली गाडी आहे. आत्ताच मालकानं अंडरबॉडी कोटिंग करून घेतलंय.”

“विकायला काढल्यावर का करून घेतलं?”

“अहो, पुढच्या माणसाला त्रास नको म्हणून.”

गाडी पिटवर घेतली. कोटिंग झकास होतं, दाट, दाणेदार. एवढं झकास की सायलेन्सरच्या पाइपवरही होतं, प्रॉपेलर शाफ्टवरही होतं, पाट्यांच्या बुशांच्या रबरावरही होतं. काम जाणणारा माणूस या तीन ठिकाणी ते कधीच मारत नाही. सायलेन्सरवर ते जळतं, शाफ्टचं बॅलन्सिंग बिघडतं, रबर फुगतं. मी छोटी हातोडी घेऊन पुढून मागे ठोकत निघालो. या गाड्यांची चेसी म्हणजे दोन लांब पोकळ तुळया. चांगलं लोखंड हातोडीखाली टणटणतं आणि हातोडी उसळून परत येते. मागच्या एक्सलवरून चेसी वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. उतरते तिथे आतलं सगळं येऊन साठतं. तिथे आवाज मेला. हातोडी उसळली नाही. कोटिंगवर बोट दाबलं तर किंचित आत गेलं. स्क्रू ड्रायव्हर लावला, फारसा जोर न करता तो मुठीपर्यंत शिरला.

पाणी निघून जायचं भोक शोधलं, तेही कोटिंगनं बुजलेलं. ते तारेनं मोकळं केलं, तसं आतून तांबडी भुकटी पडायला लागली, मग गंजाचे पापुद्रे, खारीच्या बिस्किटासारखे थरावर थर, आणि त्या मागोमाग वाळू. ओंजळभर तरी असेल. तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते. तो पोरगा पिटमध्ये उतरून ती वाळू हातात घेऊन बघत राहिला. एजंट वर फोनवर बोलत होता. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून दोन पत्र्यांमधला सांधा आतून फुगतो आणि स्पॉट वेल्डिंग सुटतं. त्या गाडीत मागच्या पाट्याच्या हँगरजवळ नेमकं हेच झालं होतं. हँगर सुटला तर एक्सल सुटतो. टोकन परत मिळालं की नाही ते मी विचारलं नाही. गाडी मात्र त्यानं घेतली नाही.

याच्या उलट अनुभव खेड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या जीपचा. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळंच गळत होतं. खाली तेल आणि माती मिळून बोटभर जाडीचं काळं लिंपण झालेलं. ते खरवडताना आमच्या पोरानं मला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या असतील. खाली निघाली ती कारखान्यातून आली असावी तशी चेसी. पूर्वीचे ट्रकवाले पावसाळ्याआधी चेसीवर जळकं ऑइल मारायचे, ते उगाच नव्हे. तरी मी कुणाला तो सल्ला देत नाही. जळकं ऑइल जमिनीत, विहिरीत जातं आणि बुश खराब करतं. पण आजच्या महागड्या कोटिंगपेक्षा त्या गळक्या जीपनं लोखंड जास्त राखलं होतं, हे मान्य करावंच लागतं. कारण सोपं आहे. तेल कोरडं होऊन तडकत नाही, त्यामुळे त्याच्या मागे पाणी शिरायला जागा राहत नाही.

उपचाराचं म्हणाल तर त्यातला मोठा हिस्सा सफाईचा आणि वाळवण्याचा. लोक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धावत येतात, ‘पावसाच्या आत करून द्या’. मी मार्च-एप्रिलमध्ये या म्हणतो. आधी गाडी उंचावर घेऊन खालून भरपूर धुवायची, चेसीच्या भोकांतून पाइप घालून आतून, तळाशी स्वच्छ पाणी पडायला लागेपर्यंत. मग दोन-तीन दिवस उन्हात. एप्रिलमध्ये भोसरी-चिखलीचं ऊन या कामाला फुकटची भट्टी देतं. जूनमध्ये तीच गाडी आतून आठवडाभर वाळत नाही आणि ओल्यावर मारलेलं काहीही म्हणजे गंजाला पांघरूण.

वाळल्यावर सुटणारं सगळं काढायचं. फुगलेलं जुनं कोटिंग, पापुद्रे, सैल रंग. खरवडणी, वायर ब्रश, ग्राइंडरचा कप ब्रश. इथे डोळ्यांना गॉगल हवाच. कप ब्रशची एक तार सुटून कुठे जाते याचा भरवसा नसतो. बॉडी उतरवलेली असेल तर भोसरीत ब्लास्टिंग करून देणारे पुष्कळ आहेत, त्यासारखं दुसरं काही नाही. बॉडी बसलेली असताना मात्र ब्लास्टिंगचे दाणे बेअरिंग आणि सीलमध्ये घुसतात. घासून झालं की थिनरनं पुसायचं आणि कंपनीतली ती पाण्याची परीक्षा घ्यायची. पाणी फाटलं तर पुन्हा पुसायचं. गिऱ्हाइकाला हे दाखवलं की त्याला वाटतं आम्ही वेळ काढतोय.

एक जागा मात्र ग्राइंडर न लावता सोडायची, चेसी नंबरची. पासिंगच्या वेळी त्या कोरलेल्या नंबरची पेन्सिलनं कागदावर छाप घेतात. उत्साही पोरानं तिथे ग्राइंडर फिरवला की गाडी कितीही चांगली असो, कागदोपत्री तिच्यावर संशय सुरू होतो. तिथे हातानं मऊ ब्रश, थोडं तेल, वरून पारदर्शक ग्रीस. गाडी घेतानाही आधी ही छाप उठते का बघा. गंजानं नंबर खाल्ला असेल तर पुढचे हेलपाटे विचारू नका.

खड्ड्यांच्या तळाशी जो घट्ट, पातळ गंज उरतो त्यालाच कन्व्हर्टर लावायचा. फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचा तो द्रव गंजाशी मिळून काळा, निर्जीव थर करतो. जाड पापुद्र्यावर ओतला तर वरचा कागदाएवढा भाग काळा होतो आणि खालचा गंज तसाच चालू राहतो. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. उरलेलं ॲसिड पुसून काढायचं, त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, आपल्याकडे खिडकीच्या ग्रीलपासून पुलाच्या कठड्यापर्यंत तोच चालतो, पण गाडीच्या खाली दगडांचा मार बसतो तिथे तो टिकत नाही.

शेवटच्या थराबद्दल गॅरेजागणिक मत वेगळं. डांबर-रबराचं जाड कोटिंग दिसायला दणकट, आवाजही कमी करतं. नव्या, स्वच्छ गाडीला ठीक. जुन्या चेसीवर मी मेणाचं मारतो. ते कडक होत नाही, ओरखडा पडला तर थोडं पसरून भरतं आणि मुख्य म्हणजे चिंधीनं पुसून खालचं लोखंड कधीही बघता येतं. तोटा असा की दरवर्षी थोडं पुन्हा मारावं लागतं आणि उन्हाळ्यात ते ठिबकतं. पार्किंगच्या फरशीवर डाग पडतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याच गिऱ्हाइकाला पत्र देतात. चेसीच्या पोकळीत, दारांच्या खालच्या कडेत आणि सिलमध्येही हेच मेण लांब लवचिक नळीनं सोडायचं. नळीच्या टोकाला चारी बाजूंनी फवारा उडवणारं नोझल असतं. खालच्या भोकातून मेण टपकायला लागलं की समजायचं आत पोचलं. भोकं नंतर तारेनं पुन्हा मोकळी करायची. पैसे बाहेरच्या काळ्यापेक्षा या आतल्या कामाला द्यावेत असं मी सांगतो, पण ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी.

घेतलेली गाडी बिघडवायची आणखी एक रीत आहे, ॲक्सेसरीजची. पोलादी बंपर, विंच, साइडचे स्लायडर. भोसरीत ते कुणीही बनवून देतं, पावडर कोटिंगही झकास. फक्त तो बंपर बसवताना चेसीला नवी भोकं पाडतात आणि त्या भोकांची कड कोरीच राहते. पेंट शॉपमधली ती पात्याची फुली आठवा. इथे आपण पैसे देऊन तशी फुली मारून घेतो. ड्रिल केल्या केल्या कडेला ब्रशनं प्रायमर लावायला पाच मिनिटं लागतात. ती मागून घ्या.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. फ्लोअरचा पत्रा खुशाल बदला, टाकी उतरवून आणि बॅटरी काढून. चेसीला ठिगळ मारायची वेळ आली तर ते काम जाणणाऱ्याकडून, गंजाचा भाग पूर्ण कापून, चांगल्या लोखंडापासून चांगल्या लोखंडापर्यंत. गंजावर पत्रा चिकटवून वर कोटिंग मारलेल्या चेसी मी बऱ्याच उघडल्या आहेत. पूर्वी क्रॉस मेंबर, ब्रॅकेट असे सुटे भाग कुदळवाडीच्या भंगारात शोधले की मिळायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली गोदामं पाडल्यापासून तो बाजार पांगला, आता एकेका ब्रॅकेटसाठी आठवडा जातो. स्टेअरिंग बॉक्सच्या बुडाशी किंवा पाट्यांच्या हँगरपाशी गंज आरपार असेल तर गाडी दुरुस्तीला घेऊ नका, सोडा.

खालून तांबूस दिसणारी उघडी गाडी आणि नुकतीच काळी केलेली गाडी एकाच भावात असेल तर मी तांबूस घेईन, कारण तिचं दुखणं समोर आहे. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, पण पिटवर चढवून, हातोडीनं ठोकून घ्या. मालक हातोडी लावू देत नसेल तर टोकन देऊ नका.